कब शिबिराला प्रथमच मुले घेऊन जाणाऱ्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की कब पथकाची, म्हणजे स्काऊट चळवळीतील लहान मुलांच्या गटाची, जबाबदारी बहुतेक वेळा त्याच्याकडेच येते, कारण तो तरुण असतो आणि शिटी घेऊन मैदानात धावायला कोणीतरी हवे असते. पथकाची नोंदणी, गणवेश, स्कार्फ आणि तो गळ्यात अडकवायच्या वॉगलची (कडीची) खरेदी ही कामे शेजारच्या शाळेतील जाणत्या कबमास्टरला विचारून होऊन जातात. खरी धास्ती असते ती पहिल्या मुक्कामी शिबिराची. भंडारा जिल्ह्यातील एका लहान गावच्या शाळेतून मी अनेक वर्षे पहिली ते चौथीची मुले अशा शिबिरांना नेत आलो आहे. कार्यक्रमपत्रिका कशी भरावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून त्याविषयी मी थोडेच लिहीन. मुलांना तिथे काय अनुभवास येते आणि त्यातले किती आपल्या हातात असते, याविषयी मात्र सविस्तर लिहितो. माझे मत असे झाले आहे की शिबिरात मूल कबमास्टरबरोबर राहत नाही, ते आपल्या षटकात, म्हणजे सहा मुलांच्या गटात, राहते, आणि षटक पक्के असेल तर निम्म्या अडचणी आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

ही रचना मुळातच तशी आहे. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले, त्यातून स्काऊट चळवळ उभी राहिली, आणि स्काऊट होण्यास वय न पुरणारी धाकटी भावंडेही मागे लागली. त्यांच्यासाठी १९१६ साली कब हा वेगळा विभाग सुरू झाला. त्याला आधार घेतला तो रुडयार्ड किपलिंग यांच्या मोगलीच्या कथांचा. म्हणून कबमास्टर हा ‘अकेला’, त्याचे सहायक बालू आणि बगीरा, आणि शेकोटी म्हणजे ‘लाल फूल’. किपलिंग यांचा जन्म १८६५ मधला आणि मुंबईचा, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या कथांमधले जंगल आपल्या नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या शिवनीच्या डोंगरांतले आहे आणि त्यात वाहणारी नदी वैनगंगा आहे, हे विदर्भातील पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसते. भंडाऱ्याच्या मुलांना मी हे शिबिरापूर्वी वर्गात आवर्जून सांगतो, कारण आपल्या गावाजवळच्या नदीचे नाव गोष्टीत निघाले की अकेला, बालू ही मंडळी त्यांना परकी वाटेनाशी होतात. आपल्याकडे भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. तिच्या रचनेत मुलगे कब आणि त्याच वयाच्या मुली बुलबुल असतात. पूर्ण पथकात चोवीस मुले आणि सहा-सहांची चार षटके असावीत असे पुस्तकी गणित आहे. आजच्या पटसंख्येत लहान शाळेला दोन षटके जमली तरी पुरे. पाचच मुले असली तर पाचांचे षटक करावे, पण केवळ आकडा भरावा म्हणून ज्याला यायचेच नाही असे मूल ओढून नेऊ नये.

तयारी निदान महिनाभर आधी सुरू करावी आणि तिची सुरुवात पालकसभेने करावी. संमतीपत्रावर सही घेणे हा औपचारिक भाग झाला; त्या सभेत आईला जे विचारायचे असते ते ती चारचौघांत विचारत नाही. म्हणून सभा संपल्यावर थोडा वेळ रिकामा ठेवून तिथेच बसून राहावे. मग एकेक माऊली जवळ येऊन हळूच सांगते की पोरगा रात्री अंथरूण ओले करतो, किंवा अंधाराला भितो, किंवा वांग्याची भाजी खाल्ली की अंगावर पुरळ उठते. ही माहिती कोणत्याही छापील अर्जात मिळत नाही आणि शिबिरात सर्वांत जास्त उपयोगी तीच पडते. ती वहीत लिहून ठेवावी, पण ती वही मुलांच्या हाती लागू देऊ नये. बुलबुल बरोबर असतील तर महिला फ्लॉक लीडर, म्हणजे बुलबुल पथकाची शिक्षिका, मुक्कामास असलीच पाहिजे. ती दिवसा येऊन संध्याकाळी परत जाईल, अशी व्यवस्था कोणी सुचवली तर मुलींना नेऊ नये.

सामान मुलाने स्वतः भरावे, हा आग्रह पालकांना पटवून द्यावा लागतो. आईने नीट घडी घालून भरलेल्या पिशवीत काय कुठे आहे हे मुलाला ठाऊक नसते, आणि शिबिराच्या पहिल्या सकाळी दात घासण्याच्या वेळी अर्धी मुले पिशवी उलटी करून बसलेली दिसतात. मी निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेतच पिशव्या मागवतो, षटकाला गोल बसवतो आणि प्रत्येकाला आपली पिशवी रिकामी करून पुन्हा भरायला लावतो. ब्रश, टॉवेल, ताट, वाटी, पेला, दोन जोड कपडे, स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण एवढे पुरते; आमची शिबिरे बहुधा दिवाळीनंतर, धान निघाल्यावर होतात आणि त्या दिवसांत विदर्भातील पहाट बोचरी असते. प्रत्येक वस्तूवर नाव हवे. एकाच बाजारातून घेतलेले सारख्या रंगाचे टॉवेल ओळखताना दुसरीतल्या मुलांची जी भांडणे होतात, ती सोडवण्यात तास जातो.

शिबिराच्या ठिकाणी पोहोचल्यावर संयोजक कधीकधी सर्व शाळांची मुले मिसळून नवी षटके करायला सांगतात. ओळखी वाढाव्यात हा हेतू चांगलाच आहे. स्काऊट वयाच्या मुलांना ते जमतेही. परंतु आठ वर्षांच्या मुलाला अनोळखी इमारतीत, अनोळखी अन्न खाताना निदान शेजारचा चेहरा ओळखीचा लागतो. खेळांपुरते मिसळावे, जेवणाला आणि झोपेला आपले षटक आपल्याजवळ ठेवावे, असे मी नम्रपणे सांगतो आणि बहुधा ते मान्य होते. या वयाची मुले तंबूत झोपवण्यापेक्षा पक्क्या छपराखाली झोपवावीत, हेही आग्रहाने पाहावे. तंबू बघायला मिळाला तरी त्यांची हौस भागते.

दिवसाचा क्रम सगळीकडे साधारण सारखाच असतो: पहाटे बी. पी. (बेडन पॉवेल) व्यायाम, मग निरीक्षण, झेंडा, प्रार्थना, त्यानंतर खेळ, गाठी, गोष्ट, दुपारी हस्तकला आणि रात्री शेकोटी. सकाळी अकेलाभोवती गोल करून मुले ग्रँड हाऊल करतात, म्हणजे लांडग्याच्या पिलांसारखी उकिडवी बसून, हात जमिनीला टेकवून एकसुरात ओरडतात आणि ताडकन उठून दोन बोटांचे कान करतात. मोठ्यांना हा प्रकार जरा पोरकट वाटतो आणि नवे शिक्षक तो संकोचून उरकतात. तसे करू नये. वर्गात वर्षभर ‘गप्प बसा’ ऐकलेल्या मुलाला पोटापासून ओरडण्याची अधिकृत परवानगी मिळते, याचे मोल त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसते. अबोल म्हणून ओळखली जाणारी मुले इथेच प्रथम आवाज काढतात.

निरीक्षणाच्या वेळी नखे, दात, रुमाल आणि अंथरुणाची घडी पाहिली जाते. हे काम षटकनायकाकडून आधी करून घ्यावे आणि अकेलाने मागाहून फक्त फेरी मारावी. चौथीतला षटकनायक दुसरीतल्या मुलाची नखे ज्या गांभीर्याने तपासतो ते बघण्यासारखे असते. आणि तोच षटकनायक, आपली नखे वाढलेली आहेत हे ध्यानात आल्यावर, रांग लागण्यापूर्वी नळाच्या आडोशाला जाऊन ती दाताने कुरतडतो, हेही दिसते. बघून न बघितल्यासारखे करावे.

खेळांमध्ये किम्स गेम मुलांना फार आवडतो. थाळीत निरनिराळ्या वस्तू मांडायच्या, मिनिटभर दाखवून झाकायच्या आणि आठवतील त्या सांगायला लावायच्या, एवढाच तो खेळ. शहरातून आणलेल्या साहित्याच्या पेटीत बहुधा पेन, खोडरबर, चावी, नाणे अशा वस्तू असतात. त्याऐवजी धानाची लोंबी, तेंदूचे पान, मोहाची बी, बिब्बा, नदीतला शिंपला, सायकलच्या चाकाची तार, पाटीवरची पेन्सिल असे मांडून पाहावे. लेखनात मागे असलेली मुले या खेळात पुढे जातात, आणि षटकाने मिळून उत्तर द्यायचे ठरवले तर ‘तू पानं लक्षात ठेव, मी लोखंडाचं पाहतो’ अशी वाटणी ती आपसांतच करतात. ही वाटणी त्यांना कोणी शिकवलेली नसते. रीफ नॉट शिकवताना दोन रंगांच्या दोऱ्या घ्याव्यात, म्हणजे ‘उजवी डावीवर, डावी उजवीवर’ हे डोळ्यांना दिसते. एका रंगाच्या दोरीवर शिकवलेली गाठ दुपारपर्यंत विसरली जाते.

कब वचनात रोज एक सत्कृत्य करण्याचा भाग आहे आणि शिबिरात संध्याकाळी त्याची विचारणा होते. पहिल्या दिवशी सगळे जण पाण्याचा पेला दुसऱ्याला दिल्याचे सांगतात, कारण पहिल्याने ते सांगितलेले असते. एका वर्षी एका षटकातील मुलांनी आळीपाळीने एकमेकांची चप्पल लपवून आळीपाळीने शोधून दिली, आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक सत्कृत्य जमा केले. त्यांना रागावण्याचे काही कारण मला दिसले नाही; सहकार्य तर त्यात भरपूर होते. विचारणा सर्वांसमोर न करता षटकात बसून केली की असली नाटके कमी होतात आणि खरे काहीतरी ऐकायला मिळते.

आता रात्रीविषयी, कारण नवा कबमास्टर तिथेच डगमगतो. घरची आठवण दिवसभर येत नाही. ती दिवेलागणीला येते आणि जेवणानंतर वाढते. एक मूल रडू लागले की दुसरे, मग तिसरे, असे होते. ‘सर, माय केव्हा येऊन राहिली?’ हा प्रश्न आला की त्याला ‘उद्या’ असे खोटे उत्तर देऊ नये. किती रात्री उरल्या आहेत ते बोटावर मोजून दाखवावे. मुलाला फोनवर घरच्यांशी बोलू द्यावे की नाही यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझ्या पाहण्यात, आईचा आवाज ऐकून शांत झालेली मुले थोडी आणि हुंदके वाढलेली पुष्कळ. म्हणून मी रोज रात्री पालकांना स्वतः फोन करतो आणि मुलाने आज काय खाल्ले, कोणता खेळ खेळला, हे सांगतो. निरोप इकडून तिकडे आणि तिकडून इकडे मी पोहोचवतो. याउपर एखादे मूल तापले, जेवण टाकले, झोपेचे नावच घेईना, तर पालकांना बोलावून त्याला घरी पाठवावे आणि त्यात कमीपणा मानू नये. त्याच्या जाण्याची मुलांमध्ये चर्चा होऊ देऊ नये एवढे पाहावे.

झोपण्यापूर्वी सर्वांना रांगेने स्वच्छतागृहात नेऊन आणावे, मध्यरात्री पुन्हा एकदा ज्यांची गरज माहीत आहे त्यांना हळूच उठवावे, आणि वऱ्हांड्यातला एक दिवा रात्रभर चालू राहील हे संयोजकांकडून कबूल करून घ्यावे. जास्तीची चादर आणि दोन-तीन जुन्या चड्ड्या आपल्या सामानात असाव्यात. अंथरूण ओले झालेच तर इतर उठण्यापूर्वी ते बदलून टाकावे. षटकाला कळले तरी पक्के षटक गप्प राहते. मी एका षटकनायकाला पहाटे स्वतःची कोरडी सतरंजी शेजारच्या लहानग्याखाली सरकवताना पाहिले आहे, आणि दिवस उजाडल्यावर त्याविषयी तो कोणाशी एक अक्षर बोलला नाही.

लाल फुलाच्या कार्यक्रमात, म्हणजे शेकोटीत, शिक्षकांनी बसवलेल्या आणि ध्वनिक्षेपकावर गाणे लावून केलेल्या नाचांची चढाओढ मला खटकते. मुले त्यात घामाघूम होतात, रडकुंडीला येतात आणि परीक्षकांच्या शेऱ्याने हिरमुसतात. दुपारी षटकाला अर्धा तास द्यावा, विषय त्यांनाच ठरवू द्यावा, आणि जे होईल ते तीन-चार मिनिटांत करू द्यावे. आमच्या मुलांनी बाजारात म्हैस विकण्याचे जे नाटक केले त्यात म्हैस झालेल्या दोन मुलांचे एकमत न झाल्याने म्हशीचा पुढचा भाग विकला गेला आणि मागचा राहिला. त्यावर शेकोटीभोवती बसलेली सगळी शिबिरार्थी मुले लोळून हसली. असे काही बसवता येत नाही.

शिबिरातच घाईघाईने चरणांच्या, म्हणजे कबच्या प्रगतीच्या टप्प्यांच्या, चाचण्या उरकून प्रमाणपत्रांची संख्या वाढवण्याचा मोह टाळावा. प्रथम ते चतुर्थ चरण हा प्रवास शाळेत वर्षानुवर्षे सावकाश व्हायचा असतो. शिबिरात फार तर त्यातील एखादी गोष्ट पक्की करून घ्यावी. वरून आलेला तक्ता भरावाच लागतो, तो भरावा, पण मुलांच्या खेळाचा वेळ कापून भरू नये.

हे काम आवडू लागले तर बेसिक प्रशिक्षण लवकर करून घ्यावे. भोरच्या रामबाग केंद्रासारख्या ठिकाणी निवासी वर्गात शिक्षकांनाच कब करून षटकात बसवतात, पुढे ऍडव्हान्स आणि मग हिमालय वुड बॅज असा क्रम आहे. प्रौढ माणसाला अनोळखी षटकात, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी जेवावे आणि झोपावे लागले की मुलांचे बरेचसे वागणे त्याला आपोआप उलगडते. सेवापुस्तिकेतील नोंदीपेक्षा मला हा लाभ मोठा वाटतो.

परत आल्यावर ‘शिबिर कसे झाले?’ असे विचारल्यास ‘चांगले’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘भात कोण वाढत होते, शेवटी ताट कोणाचे धुवायचे राहायचे, अंधारात पहिल्याने कोण उठायचे’ असे विचारले की षटकाची खरी हकीकत बाहेर पडते, आणि पुढच्या वर्षीचा षटकनायक कोण हे त्यातूनच कळते. चौथीची मुले एप्रिलअखेर शाळा सोडून जातात, म्हणून उपषटकनायक तिसरीतलाच नेमावा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी जुन्याने नव्याकडे षटकाची वही, शिटीचे इशारे आणि कोणाला रात्री उठवावे लागते ही माहिती, तिन्ही सोपवून मगच जावे.