गाडीत लपवलेला ट्रॅकर सापडल्यास इंदूरमध्ये तक्रार कशी द्यावी

गाडीच्या सीटखाली, बंपरच्या आत किंवा डॅशबोर्डाखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक तपासणीचे यंत्र जोडतो त्या जागी) अनोळखी यंत्र आढळले, तर ते लगेच उपटू नये. ते जागेवर असतानाच नंबरप्लेटसह छायाचित्रे घ्यावीत आणि गॅरेजमध्ये मेकॅनिकला सापडले असेल, तर त्याचे नाव टिपून ठेवावे, कारण पुढे तोच साक्षीदार असतो. यंत्र एअरटॅग, म्हणजे ॲपल कंपनीचा छोटा ट्रॅकर असेल, तर त्याला फोन टेकवल्यास त्याचा अनुक्रमांक आणि नोंदणी करणाऱ्याच्या फोन क्रमांकाचे शेवटचे चार अंक दिसतात. त्या पडद्याचाही स्क्रीनशॉट घ्यावा. जिवाला धोका वाटत असल्यास मात्र पुराव्याचा विचार नंतर करावा, घरी न जाता गाडी थेट पोलीस ठाण्यात न्यावी किंवा ११२ वर फोन करावा.

कोणावर संशय घेण्याआधी साधी कारणे तपासावीत. टॅक्सीत ट्रॅकर नियमानेच बसवलेला असतो आणि जुन्या गाडीच्या कंपनी ॲपला आधीच्या मालकाचा फोन अजून जोडलेला असू शकतो.

खरी अडचण कायद्याची आहे. दुसऱ्याच्या वाहनात गुपचूप ट्रॅकर बसवणे हा भारतात स्वतंत्र, नावानिशी सांगितलेला गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते पुरुषाने स्त्रीच्या केलेल्या पाठलागापुरतेच असून त्यात स्त्रीने नकार देऊनही वारंवार संपर्क साधणे आणि तिच्या इंटरनेट, ईमेल वगैरे वापरावर पाळत ठेवणे यांचा उल्लेख आहे, वाहनाचा नाही. म्हणून ‘गाडीत यंत्र सापडले’ एवढ्यावर तक्रार थांबवल्यास ती लंगडी पडते. नको म्हटल्यानंतरही आलेले फोन, शहरात पलासियाला किंवा राजवाड्याला पोहोचताच तो माणूस तिथे हजर असणे, धमक्या, हे सारे तारीखवार लिहावे. परवानगीशिवाय फोनमध्ये किंवा गाडीच्या ॲपमध्ये शिरकाव झाला असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ही लागू शकते, आणि ते पीडित पुरुषांनाही उपयोगी आहे.

पाळत नवऱ्याची असेल आणि गाडीही त्याच्याच नावावर असेल, तर फौजदारी बाजू आणखी अवघड होते. अशा वेळी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, मानसिक छळाचा भाग म्हणून ही पाळत मांडून संरक्षण आदेश मागणे माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे.

ठाण्यातले कामकाज हिंदीत चालत असल्याने अर्ज हिंदीतच न्यावा. महिलांनी ठाण्यातल्या ऊर्जा डेस्ककडे, म्हणजे महिला मदत कक्षाकडे जावे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार नोंद घ्यावीच लागते. टाळाटाळ झाल्यास इंदुरात पोलीस आयुक्त प्रणाली असल्यामुळे त्या झोनच्या पोलीस उपायुक्तांना लेखी कळवावे, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. यंत्र पोलिसांकडे देताना जप्तीच्या पंचनाम्यात त्याचा आयएमईआय (सिमवर चालणाऱ्या यंत्राचा ओळख क्रमांक) किंवा अनुक्रमांक लिहिला गेल्याची खात्री करावी आणि एफआयआरची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते.