काळ्या मातीच्या चिखलात माउंटन बाइक शर्यतीला उतरताना

मृग बरसल्यानंतर ज्याने पांदण रस्त्याने शेतावर सायकल नेली आहे आणि परतताना ती खांद्यावर घेतली आहे, त्याला चिखलातील माउंटन बाइक शर्यतीचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. पश्चिम विदर्भाच्या काळ्या रानात शर्यतीचा निकाल पायांतील ताकदीपेक्षा चाकाला माती किती चिकटते यावर ठरतो, म्हणून तयारीची सुरुवातही मातीपासूनच करावी.

बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात. स्पर्धकाने तिच्या तीन अवस्था ओळखाव्यात. नुकतीच एक सर येऊन गेली असेल, तर वरचा पातळ थर साबणासारखा निसरडा होतो, पण खालची जमीन टणक राहते. झड लागली की मातीची पार राबडी होते. तीत वेग मंदावतो खरा, परंतु ती टायरवरून ओघळूनही जाते. खरा घात करते ती मधली अवस्था. पाऊस उघडून दोन-चार तास ऊन लागले की माती मळलेल्या कणकेसारखी होते, टायरवर थरावर थर चढतात, गवत आणि पऱ्हाटीचे तुकडे त्यात गुंतत जातात आणि थोड्याच अंतरात चाक फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्यात, अडकून बसते. त्यामुळे धो धो पावसात शर्यत सुटली तर हिरमुसू नये. सकाळी उघडीप मिळाली म्हणून आनंदणाऱ्यांना अजून बरेच भोगायचे असते.

आदल्या दिवशी मार्ग पायी पाहावा. जिथे शंका येईल तिथे मूठभर ओली माती घेऊन तिचा लाडू वळावा; तो नीट वळला आणि तळहाताला चिकटून राहिला, तर तो पट्टा सायकल उचलून पार करायचा हे तेव्हाच ठरवून टाकावे. चिखलदऱ्याच्या बाजूला डोंगरात मुरूम आणि खडक अधिक असल्याने चिकटण्याचा त्रास कमी होतो, मात्र शेवाळलेले दगड, उघडी मुळे आणि सागाची भिजलेली पाने चाकाखालून निसटतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांमधील धुरे अरुंद असतात, आणि तिथे वेगापेक्षा तोल महत्त्वाचा.

सायकलीत सर्वांत आधी टायर पाहावेत. रुंद टायर म्हणजे पकड जास्त, हा कोरड्या जमिनीवरचा हिशेब काळ्या मातीत उलटतो, कारण टायर जितका रुंद तितकी फ्रेम आणि टायर यांमधील फट कमी, आणि माती साचते ती नेमकी त्या फटीत. साधारण दोन इंच रुंदीचा, उंच आणि एकमेकांपासून दूर गुठळ्या असलेला टायर घ्यावा. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, टायर असल्यास ६५-७० किलो वजनाच्या स्पर्धकाने सुमारे २० ते २२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवून सराव करावा आणि स्वतःला मानवेल तसा एखाद-दुसरा पीएसआय कमी-जास्त करावा. ट्यूब असेल तर २६-२८ च्या खाली जाऊ नये, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून फाटते. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या लावतात आणि त्यांचे काटे चिखलात दिसत नाहीत, म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये ताजे सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, असलेच पाहिजे.

डिस्क ब्रेकचे ऑरगॅनिक (राळेने बांधलेले) पॅड वाळूमिश्रित चिखलात झपाट्याने झिजतात. धातूमिश्रित सिंटर्ड पॅड आवाज करतात, पण टिकतात. रिमवर दाबणारे जुने ब्रेक मात्र या मातीत स्वतःच मातीचे घर होतात. साखळीला ओल्या हवामानाचे जाड तेल द्यावे आणि वरचे तेल कापडाने पुसून घ्यावे. फ्रेमच्या खालच्या बाजूस आणि फोर्कच्या आतून खाण्याच्या तेलाचा पातळ हात फिरवल्यास माती उशिरा धरते; ते तेल डिस्कला लागले तर ब्रेकच निकामी होतील, म्हणून हे काम चाके काढून करावे. बूट अडकवण्याच्या पॅडलमध्ये काळी माती गच्च बसते आणि बूट अडकतच नाही, त्यामुळे ज्याला वारंवार उतरावे लागणार आहे त्याने पिना असलेले सपाट पॅडल लावलेले बरे. सर्वांत उपयोगी हत्यार मात्र दुकानात मिळत नाही: चाकाची माती खरवडायला बांबूची वीतभर चपटी कामटी तासून फ्रेमला रबराने बांधून ठेवावी.

ही कामटी मला एका फजितीतून सुचली. आमच्या भागातील एका शर्यतीत, दुसऱ्या फेरीत, मागचे चाक जड झाले असताना मी उतरण्याऐवजी जोर लावला. पऱ्हाटीचा एक खुंट साखळीबरोबर वर चढला, गिअर बदलताना साखळी सरकवणारा डिरेलर मागे ओढला गेला आणि तो ज्या पातळ तुकड्यावर बसवलेला असतो तो हँगर कडकन तुटला. उरलेली वाट ढकलत, उचलत काढली. वाटेतील धान्याच्या काट्यावर गंमत म्हणून सायकल ठेवली, तर १३ किलोची सायकल १९ किलो भरली. तेव्हापासून जादा हँगर खिशात असतो, आणि चाक जड वाटताच मी निमूटपणे उतरतो. क्रॉस-कंट्री माउंटन बाइकमध्ये सायक्लोक्रॉससारखी (चिखल-गवतातील छोट्या फेऱ्यांची सायकल शर्यत) मधेच दुसरी सायकल घेता येत नाही. सुरुवातीला घेतलेल्या सायकलीनेच शेवट करायचा असतो.

प्रत्यक्ष धावेत चाकोरी या शब्दाचा मूळ अर्थ कळतो. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी उभे असेल आणि तळ टणक असल्याची आदल्या दिवशी खात्री केली असेल, तर त्यातूनच जावे, कारण पाणी टायर धुऊन काढते. पाणी आटून नुसता लगदा उरला असेल, तर दोन चाकोऱ्यांमधील गवताळ पट्टा किंवा धुऱ्यालगतची हरळी धरावी, मात्र कुणाच्या उभ्या पिकात सायकल घालू नये. चिखलाचा पट्टा येण्याआधीच हलका गिअर टाकावा, बसून एकसारखे पॅडल मारावे, हँडल सैल धरावे आणि पुढचे चाक थोडे भरकटू द्यावे. त्याला हिसका देऊन सरळ करायला गेलेला स्पर्धक बहुधा आडवा होतो. ब्रेक वळणाच्या आणि दगडांच्या आधी लावावा, दगडावर नाही. उतरून पळणे वेगवान ठरेल तिथे लाज बाळगू नये, पण बसून येणाऱ्याला वाट द्यावी.

चिखल तोंडात जाऊ देऊ नये. गोठ्यालगतच्या वाटेवरील चिखलात शेण असतेच, आणि ब्रिटिश कोलंबियातील २००७ च्या व वेल्समधील २००८ च्या माउंटन बाइक शर्यतींनंतर स्पर्धकांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे जुलाबाची साथ पसरल्याची नोंद आहे. म्हणून बाटलीच्या तोंडावर झाकण हवे किंवा पाठीवर पाण्याची पिशवी हवी, आणि पुढच्या चाकावर छोटा मडगार्ड हवाच. गूळ-शेंगदाण्याची चिक्की खिशात ठेवायची तर तिचे वेष्टन एका कोपऱ्यात आधीच फाडून ठेवावे, कारण माखलेल्या बोटांनी ते फाटत नाही आणि मग माणूस दातांनी फाडतो.

नाल्याला तांबूस-काळे पाणी जोरात येत असेल तर शर्यत तिथेच सोडावी. गुडघाभर वाहते पाणीही सायकलीसह माणसाला लोटते. विजांचा अंदाज घेण्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप सुरुवातीपूर्वी पाहावे, आणि कडकडाट जवळ आला की एकट्या झाडाखाली उभे न राहता पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे.

शर्यत संपल्यावर माती ओली असतानाच सायकल धुवावी, कारण वाळलेली काळी माती विटेसारखी होते. विहिरीच्या मोटारीचा पाइप चालतो, पण त्याची धार बेअरिंगवर रोखू नये. फवारणीचा पंप सोयीचा असला, तरी औषधासाठी वापरलेला पंप घेऊ नये. खरचटलेल्या जागा साबणाने धुवाव्यात, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवावे, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना चिखलात पडल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे ते लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे जनावरांच्या मूत्राने दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाचा, विचार करतील. ब्रेकचे पॅड मात्र त्याच संध्याकाळी काढून पाहावेत. सकाळी नवे बसवलेले पॅडही अनेकदा पत्र्यापर्यंत झिजलेले असतात.