म्यान शिवायला बसण्याआधी

नागपुरात सुरीसाठी कच्च्या, म्हणजे न कमावलेल्या कातड्याचं म्यान करायचं तर आधी दिवस बघा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा ओलं कातडं बघता बघता कडक होतं आणि वेडंवाकडं आखडतं. श्रावणात उलटं, ते वाळायच्या आधीच त्याला वास सुटतो. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले.

दिवस ठरला की सुरी जाड कागदावर ठेवून भोवती रेघ मारा. धारेच्या बाजूने बोटभर जागा शिलाईसाठी सोडा. आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकडी पातं. सागाची पट्टी तासून सुरीच्या पात्याचा हुबेहूब आकार करा, पण जाडीला अर्धा मिलिमीटर जास्त ठेवा आणि वरून मेण चोळा. म्यान वाळेपर्यंत आत सुरीऐवजी हेच ठेवायचं. कच्चं कातडं वाळताना आवळतं, म्हणून हा खटाटोप. माझ्या पहिल्या म्यानाच्या वेळी मी वडिलांची काटोलच्या संत्राबागेतली सुरीच ओल्या म्यानात ठेवली होती. सकाळी ती हलेना. शेवटी म्यान कापावं लागलं आणि पात्यावर मुठीपासून टोकापर्यंत तांबूस गंजाचे ठिपके निघाले. ते ठिपके आजही पुरते गेलेले नाहीत.

चामडं दोन तऱ्हेचं लागतं. आतल्या थराला झाडाच्या सालीने कमावलेलं, 3 मिलिमीटर जाडीचं. घेताना कापलेली कड बघा. ती निळसर करडी असेल तर माल क्रोमचा, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला आहे, तो ठेवा बाजूला. सालीने कमावलेल्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो आत मुरतो, जागा गडद होते आणि नखाने दाबलेली खूण तशीच राहते. वरच्या थराला न कमावलेलं कच्चं कातडं. त्यासाठी तबला-ढोलकी मढवणाऱ्या कारागिराकडे जा आणि शेळीच्या कातड्याचे उरलेले तुकडे मागा.

भिजवायला स्टीलचं किंवा प्लास्टिकचं घमेलं घ्या. लोखंडाचं नको, कमावलेल्या चामड्यावर त्याचे काळे डाग पडतात. पाणी साधं, थंड. गरम पाण्यात कच्चं कातडं आक्रसून वाया जातं. पातळ तुकडा दोन-तीन तासांत मऊ होतो, जाड असेल तर रात्रभर ठेवा.

रापी (चामडं कापायची), आरी (भोकं पाडायची), दोन बोथट सुया, चपलेचं सोल्यूशन, कपड्यांचे चिमटे, शिवणीच्या चौपट लांबीचा मेण लावलेला दोरा, हे सगळं हाताशी असू द्या. ओलं कातडं हातात आल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही. कमावलेल्या चामड्याला भोकंही आधीच पाडून ठेवा.

धारेच्या बाजूला दोन पदरांमध्ये घालायची पट्टी मात्र विसरू नका. अर्ध्या बोटाएवढी रुंद पुरे. ती नसली तर सुरी आत-बाहेर करताना दर वेळी धार दोऱ्यालाच लागते आणि काही दिवसांत म्यान उसवतं. इतक्या मेहनतीनंतर ते बघवत नाही.

वाळत घालायची जागाही आधीच ठरवा. सावली हवी, वारा हवा, आणि उंची कुत्र्यामांजरांच्या आवाक्याबाहेरची, कारण हा वास त्यांना लांबून ओढून आणतो. दोन-तीन दिवस लागतील. नखाने टिचकी मारल्यावर ढोलकीच्या काठासारखा टक्क आवाज आला, की लाकडी पातं सरळ ओढून काढा.