लग्नानंतरची मतदार यादी: या चुका टाळा

आमच्या मतदार नोंदणीच्या टेबलावर सगळ्यात किचकट प्रकरणं लग्न होऊन आलेल्या सुनांची असतात. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि काही घरांत तांदळावर लिहून पहिलं नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावरची बाई आणि रेशनकार्डावरची बाई यांच्यात मग एक शब्दही सारखा उरत नाही. दुखणं जुनंच आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असं लिहवलं होतं.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे सासरी येऊन फॉर्म ६ भरणं. तो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. माहेरच्या यादीत नाव असेल तर फॉर्म ८, म्हणजे पत्ताबदलाचा आणि दुरुस्तीचा अर्ज. पण नवऱ्याला घाई, नेट कॅफेवाल्याला त्याहून घाई, आणि फॉर्म ६ दोघांच्याही तोंडपाठ!

एक ताई मतदानाच्या दिवशी दुपारी आल्या, हातात लॅमिनेट केलेलं मतदान कार्ड. माहेर सातारा जिल्ह्यात, सासर पुण्याजवळ. सासरी नव्या नावाने फॉर्म ६ भरलेला, ‘आधी कुठेही नाव नाही’ या घोषणेखाली सही करून. तिकडे भावाने ‘ती आता इथे राहत नाही’ म्हणून फॉर्म ७, म्हणजे नाव कमी करायचा अर्ज, भरला आणि माहेरचं नाव कमी झालं. इकडे जुन्या नोंदीशी फोटो जुळला म्हणून अर्ज नामंजूर. दोन्हीकडून नाव गेलं. नवरा आमच्याशीच भांडत होता, ‘कार्ड आहे ना, मग?’ कार्ड फक्त ओळख पटवतं, मताचा हक्क यादीतल्या नावाला असतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घेता येत नाही. ताई तशाच परत गेल्या.

वर ती घोषणा खोटी ठरली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘राहू दे दोन्हीकडे नाव, काय बिघडतं’ म्हणणाऱ्या काकांनी हे जरा वाचावं.

मी आधी माहेरच्या नोंदीचा एपिक नंबर, म्हणजे मतदान कार्डावरचा क्रमांक, शोधायला लावते. मग फॉर्म ८ वर फक्त पत्ताबदल. सासरच्या भागाच्या यादीत नाव दिसलं की दुसऱ्या फॉर्म ८ ने नावाची दुरुस्ती. एका अर्जात एकाच कामावर खूण करायची असते. माहेरच्यांनी फॉर्म ७ ला हात लावायचा नाही. हे दोन टप्पे लोकांच्या जिवावर येतात. येऊ देत.

आधारवर घाईने नाव बदलू नका. ते आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग आधी घरी ठरवा. मुळात लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि ज्या बदलत नाहीत त्यांचं काम माझ्या टेबलावरून सगळ्यात आधी उरकतं.

कार्ड माहेरच्या मतदारसंघातलं आहे म्हणून घरी बसू नका. सासरच्या यादीत नाव असेल तर ते चालतं. फोटोवरून ओळख पटत नसेल तर आधार, पॅन किंवा पासपोर्ट न्या.

दुसरी मोठी चूक: नागरिकत्वाचा विषय निघाला की सासरची फाईल उघडणं. नवऱ्याचा पासपोर्ट, सासऱ्यांचा सातबारा, सगळं टेबलावर. भारतात जन्मलेल्या बाईचं नागरिकत्व जन्मावरून आणि आईवडिलांवरून ठरतं. १ जुलै १९८७ च्या आधी जन्म असेल तर भारतातला जन्म पुरे. त्यानंतर आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय हवा, आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक. नवरा यात कुठेच नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलं आहे. २०२५ मध्ये बिहारमध्ये याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा २००३ च्या यादीत स्वतःचं नाव नसलेल्या सुनांना आईवडिलांच्या नोंदी शोधत माहेरी फोन करावे लागले. आसामात एनआरसीच्या, म्हणजे नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या, वेळी माहेरशी नातं दाखवायला लाखो विवाहितांकडे ग्रामपंचायतीचा दाखला होता. उच्च न्यायालयाने तो अमान्य केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा मान्य केला. अधले महिने त्या बायकांनी कसे काढले असतील!

म्हणून जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांच्या जुन्या यादीतल्या पानाची प्रत सासरी येतानाच सोबत आणा. विवाह नोंदणी प्रमाणपत्रही त्यातच ठेवा, दोन नावं जोडणारा कागद बहुतेकींकडे तेवढाच असतो. त्यावरचं लग्नाआधीचं नाव नोंदणीच्या दिवशीच तपासा. हॉल सहा महिने आधी बुक करणाऱ्या घरांना विवाह नोंदणी मात्र व्हिसा काढताना आठवते.

स्थानिक निवडणुकांना ठरावीक तारखेची विधानसभा यादी वापरतात. २०२५ मध्ये ती १ जुलैची होती. प्रचाराचे भोंगे ऐकून अर्ज करणाऱ्यांना मी आता समजावतही नाही.

आणि ऑनलाइन अर्जाचा संदर्भ क्रमांक म्हणजे नुसती पोच. नंतर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, चौकशीला घरी येऊ शकतात आणि अर्जावरचं, म्हणजे जुनं, नाव विचारतात. दार सासूबाई उघडतात, ‘या नावाचं इथे कोणी नाही’ म्हणतात आणि अर्ज तिथेच अडकतो. अर्ज भराल त्याच दिवशी त्यांना तुमचं माहेरचं पूर्ण नाव सांगून ठेवा.