विश्रामबागेतला रविवार: कुठं खायचं, कुठं फिरायचं आणि किती वाजता

सांगलीच्या विश्रामबागेत नवीन राहायला आलेल्या माणसाचा पहिला रविवार सामान लावण्यात जातो, दुसरा कोल्हापूरला जातो आणि तिसऱ्या रविवारी तो जिन्यात गाठून विचारतो, इथं जवळपास काय आहे ओ? आमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षांत अशी चार बिऱ्हाडं आली, कुणी बँकेतलं, कुणी कॉलेजात शिकवायला आलेलं, आणि चौघांनाही मी हातात दुधाची पिशवी घेऊन तेच तेच सांगितलंय. आता लिहूनच टाकतो म्हणजे दूध तरी वेळेवर घरात जाईल.

पहिलं म्हणजे अख्ख्या दिवसाचा प्लॅन करायचाच नाही. सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि बाकीच्या महिन्यांतही दुपारी बारा ते साडेचार बाहेर पडून काही हाती लागत नाही, अर्धी दुकानं बंद, गाडे तर नाहीतच. रविवारचे दोन तुकडे करा, सकाळी साडेसहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, आणि त्यातला एकच वापरा. दुसरा तुकडा घरी लोळायला ठेवा, नाहीतर सोमवारी ऑफिसात झोपाल.

हे मला अकलेनं नाही, फजितीनं कळलं. एका एप्रिलात पुण्याहून मेव्हणा सहकुटुंब आलेला, सोबत सासूबाई. सगळ्यांच्या आंघोळी, चहा, परत चहा, असं करत सव्वाअकराला आम्ही दंडोबाच्या डोंगराला निघालो. मिरजेवरून पंढरपूर रोडनं भोशाकडं जायचं, पाऊण तासाचं अंतर, जागा छान आहे, डोंगरात कोरलेलं महादेवाचं देऊळ आहे, आत शिरलं की गारवा. पण आत शिरेपर्यंत काय? पानं झडलेली, दगड तापलेला, आणि पाच माणसांत दोन लिटरची एक बाटली. सासूबाई एका अर्ध्या सावलीत बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, देव गुहेत गारव्याला बसलाय, आम्हाला कशाला भाजायला काढलंय?" बायको वर्षभर हे सगळ्यांना सांगत होती. तोच डोंगर मी नंतर ऑगस्टमध्ये सकाळी सातला बघितला, हिरवागार, खाली ढग, आणि वाटलं की डोंगराचा काय दोष नव्हता, घड्याळाचा होता. तर दंडोबा पावसाळा सुरू झाला की दिवाळीनंतरच्या थंडीपर्यंत, सकाळी, माणशी एक बाटली, खायचं घरून न्यायचं. एप्रिल-मेमध्ये नाव काढू नका.

आता खाण्याचं. सकाळी मिसळ खायची असेल तर नऊच्या आत. पहिल्या पातेल्याचा कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) असतो तोच खरा, दहानंतर गर्दी वाढते तसं पातेल्यात पाणी वाढतं, हे कुठल्याही हॉटेलवाल्याला खासगीत विचारा. कट वेगळ्या वाटीत मागा, लहान पोरं असतील तर दही आधीच सांगून ठेवा, आणि इकडं बऱ्याच ठिकाणी मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो त्याला नाक मुरडू नका, कट प्यायला ब्रेडच बरा. ज्यांना सकाळी सकाळी तिखट झेपत नाही त्यांच्यासाठी उप्पीट-शिरा आहेच (उपमा म्हणालात तरी मिळतं, पण उप्पीट म्हणा, गरम मिळतं). दावणगिरी लोणी डोशाच्या गाड्यावर मात्र उघडल्या उघडल्या जायचं नाही, पहिले दोनतीन डोसे तव्याला चिकटतात आणि ते कुणाच्या तरी ताटात जाणारच असतात. तव्यावर पाणी मारल्यावर चर्र आवाज येऊन लगेच उडालं की मग ऑर्डर द्या.

मटणाचं काय असं नवीन लोक विचारतात. तांबडा-पांढरा रस्सा बाहेर खायचा असेल तर शनिवारी रात्री खा. रविवारी मटण घरी शिजतं, त्यासाठी सातलाच रांगेत उभं राहायचं, आठला गेलात तर चांगला भाग संपलेला असतो. श्रावणात रांग नसते, पण मग घरात विचारून जा.

भडंगावर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण पाहुण्यांना द्यायला म्हणून लोक कुठलंही पाकीट उचलतात. इथं चिरमुरे म्हणायचं, आणि भडंगाचे चिरमुरे भेळेच्या चिरमुऱ्यांपेक्षा टपोरे असतात. घेताना एक चिरमुरा बोटात दाबून बघा, कुर्र आवाज आला पाहिजे, नुसता दबला तर सादळलेला आहे. लसूण तपकिरी हवा, काळा नको, काळा झाला की सगळं भडंग कडू लागतं. आणि मूठभर घेऊन सोडून दिलं की तळहाताला तिखटाचा रंग राहावा, तेलाचा ओघळ नाही.

घरी करायचं असेल तर अवघड काही नाही. मोठ्या पातेल्यात तेल तापवा, आधी शेंगदाणे, ते तडतडले की सालासकट ठेचलेला लसूण, मग कढीपत्ता. लसूण रंगावर आला की गॅस बंद करायचा आणि मग हळद, तिखट, मीठ, चिमूट दोन चिमूट पिठीसाखर टाकायची. गॅस चालू ठेवून तिखट टाकलं की जळतं, अख्खं घर ठसकतं, मी केलंय, शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या होत्या. मग चिरमुरे ओतून पातेलं दोन्ही कानांना धरून वरखाली हलवायचं, चमचा घातला तर चुरा होतो. खाताना कांदा-कोथिंबीर-लिंबू ताटात घेतल्यावरच घालायचं, आधी कालवून ठेवलं तर पाच मिनिटांत लगदा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी फेकायचंच.

संध्याकाळचा तुकडा असेल तर माझं पहिलं उत्तर हरिपूर. विश्रामबागेतून गावात आलं की पुढं हरिपूर रोड लागतो, जुनी चिंचेची झाडं, आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. साडेपाचला पोचा, सूर्य नदीवर असतो. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग कधीकधी वेगळा दिसतो, पोरांना तेवढं दाखवलं तरी अर्धा तास निघतो. पायऱ्यांवर बसा, पण पाण्यात पाय सोडून बसू नका. कृष्णेत मगरी आहेत, ही गंमत नाही, या पट्ट्यात माणसांवर हल्ले झालेत. सेल्फीसाठी खालच्या पायरीवर जाणाऱ्यांना ओरडून वर बोलवायचं, अनोळखी असले तरी.

हरिपुरात आणखी एक बघायचं ते हळदीचं पेव. सांगली म्हणजे हळदीची पेठ, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही हळद साठवायची जुनी तऱ्हा म्हणजे हरिपूरच्या जमिनीत खणलेली पेवं. तोंड अरुंद, आत पोट मोठं, वरून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, आणि आता गोदामं झाल्यामुळं वापर कमीच. पण गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला "आजोबा, पेव कुठं होती ओ?" असं नीट विचारलंत तर हातानं जागा दाखवतात. आपण "अमक्याचं पेव फुटलंय" म्हणतो ना, ते पेव हेच, हे माझ्या पोरीला तिथं उभं राहून कळलं आणि तिनं दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना सांगितलं.

परत येताना भजी. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशींना मी एकदा पाचलाच विचारलं, "मावशी, मिरची भजी?" तर त्या वर न बघता म्हणाल्या, "तेल तापाय नको व्हय? सहाला या." सहाला गेलो तर पाच माणसं उभी. तेव्हापासून हरिपूरहून निघतानाच सहानंतरचा अंदाज धरून निघतो. मिरची मोडून बिया काढून देता का असं विचारू नका, मावशी रागावतात.

नृसिंहवाडीला सगळेच जातात त्यामुळं वाट सांगत नाही, पाऊण तास धरा, गुरुवार आणि पौर्णिमा सोडून जा. फक्त खरेदीचा क्रम सांगतो. पेढे आणि कवठाची बर्फी केव्हाही घ्या, त्यांना काही होत नाही. बासुंदी मात्र गाडीत बसायच्या आधी पाच मिनिटं. मी दर्शनाच्या आधी एक किलो घेऊन डिकीत ठेवली, मग रांग, मग प्रसाद, मग संगमावर फोटो, मग वाटेत जयसिंगपूरला बहिणीकडं चहा. घरी येऊन आईनं झाकण उघडलं आणि वास घेऊन परत लावलं. "देव आधी, बासुंदी शेवटी. एवढं साधं कळू नये?" एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी जेवणात गोड काही नव्हतं. आता थर्मोकोलचा डबा आणि बर्फ घेऊन जातो.

गाडी नसेल किंवा काढायचा कंटाळा असेल तर मिरज. वडापनं (सीटवर पैसे घेणारी खासगी गाडी) किंवा सिटी बसनं पंधरावीस मिनिटं. मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात जा, गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथं आहे (१९३७ साली गेले), आणि जवळच सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळालं, त्याच गल्लीत कारागीर दारात बसून सतारीचा भोपळा घासताना दिसतो. वाळलेला भोपळा हातात घेतला की इतका हलका लागतो की पोरं हसतात. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, तारांना तर नाहीच, आणि कामाच्या वेळी लांबलचक प्रश्न नकोत. रविवारपेक्षा शनिवारी जावं असं माझं मत आहे.

सागरेश्वर हा एकच अपवाद, तिथं तुकडा जरा ताणावा लागतो, जायलाच तास-सव्वा तास. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून केलेलं अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालं, साधारण अकरा चौरस किलोमीटरचं. हरणं दिसतात, पण आठच्या आत पोचणाऱ्यालाच, दहाला स्पीकर लावून आलेल्यांना फक्त एकमेकांचे चेहरे दिसतात. वरून कृष्णेची वळणं आणि उसाचे पट्टे दिसतात. पायथ्याजवळच्या जुन्या देवळांनाही वेळ ठेवा, तिथं गर्दी कमी असते.

तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, वाटेत द्राक्षं मिळतात, बेदाणाही. द्राक्षाचा घड उचलून हलवा, मणी गळले तर शिळा आहे. हुरड्यासाठी डिसेंबर-जानेवारी, मिरजेच्या पूर्व भागात कुणाचं तरी शेत असतंच, नसेल तर ऑफिसात शोधा, प्रत्येक ऑफिसात एक शेतवाला असतो. जाताना बाजारातनं कृष्णाकाठची वांगी घेऊन जा आणि हुरड्याच्या आगटीतच (खड्ड्यातल्या निखाऱ्यांत) भाजा. हुरडा गरम असतानाच चोळायचा, हात भाजतात, भाजू द्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, एवढंच, पावभाजी बिवभाजी नेऊ नका तिथं.

रात्री बाहेर जेवायचं आणि घरात दोन शाकाहारी, दोन मांसाहारी, एक डाएटवाला असं असेल तर अख्खा मसूर. इस्लामपूरकडच्या ढाब्यांनी हा प्रकार गाजवला, आता शंभर फुटी रोडवरही मिळतो. दाटसर मागा, रोटी एकेक करून मागवा, एकदम आठ मागवल्या तर शेवटच्या चार चामडं होतात. सव्वासातला टेबल मिळतं, आठला वाट बघावी लागते, साडेआठला लोक एकमेकांच्या ताटाकडं बघत उभे असतात.

पावसाळ्यात कुठंही नदीकडं निघायच्या आधी आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघायची. १९२९ सालचा पूल आहे, सांगलीकर हवामान नंतर बघतो, आधी आयर्विन. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं होतं, त्यामुळं ३५ च्या पुढं सरकलं की हरिपूर, नृसिंहवाडी सगळं रद्द, पुलावर पाणी बघायला गर्दी करायलाही जाऊ नका, पोलिसांना कामं असतात. अशा रविवारी ओल्या शेंगा मिठात उकडा, कूकरला दोन शिट्ट्या, आणि गॅलरीत बसा. टरफलांना वेगळी पिशवी घ्या, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी मागच्या जुलैत टरफलं कागदात बांधून परत आणून दिली होती.