छावणी उभी करायची असेल तर आधी दोर बघा

आर्ट डिपार्टमेंटला नवीन लागलेल्या आणि पहिल्याच कामात ऐतिहासिक छावणी गळ्यात पडलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. कोल्हापुरात काम करताय म्हणजे सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा कधी ना कधी वाट्याला येणारच. गडावर खुंटी मारायचा विचार डोक्यातनं काढा, पन्हाळा पुरातत्त्व खात्याकडं आहे आणि २०२५ पासनं युनेस्कोच्या यादीत पण. तसंही वेढा घालणाऱ्याची छावणी गडाखालीच असणार की! आसपासचा एखादा खाजगी सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, बघायचा.

आणि खरी मेख तिथंच आहे. सड्यावर माती चार बोटं, खाली सगळा जांभा. लाकडी खुंटी आत जात नाही, ड्रिलनं भोक पाडलं तर त्यात सैल बसते. नायलॉनचा दोर उन्हात चमकतो म्हणून घायपाताचा नाहीतर सुती घ्यायचा, आणि हा दोर भिजला की फुगून लांबीला आखडतो, वाळला की परत ढिला. गोष्ट ऐन पावसाळ्यातली, शूटिंग मात्र हिवाळ्यात, म्हणजे दिवसा टँकर लावून रेन मशीनचा पाऊस आणि रात्री दव. आमच्यात वरनं ऑर्डर आली, दोर लोंबकळताना दिसतात, कडक ताणा. ताणले. संध्याकाळी पावसाचा सीन झाला, रात्रभर दोर आखडत गेले, खुंट्या एकेक करून उपसल्या, पहाटे वारं सुटलं आणि उजाडता बघतोय तर निम्म्या राहुट्या आडव्या, सरदाराचा डेरा चिखलात. सातचा कॉल होता. शिव्या कुणाला पडल्या ते सांगायला नको.

तर पॅकअप झालं की प्रत्येक दोर वीतभर सैल करायचा आणि सकाळी परत ताणायचा, सरकगाठ मारली असेल तर पटापट होतं. खुंटी नुसती दिसायला ठेवा, खरा भार दगड भरलेल्या पोत्यावर घ्या, वर गवत टाका, खोगीर टाका, घोंगडं टाका, काय पण. हे मला सेटवरच्या कुठल्या साहेबानं नाही, एका मंडपवाल्या काकांनी शिकवलं. मोबाईलवर रेफरन्स गोळा करत बसण्यापेक्षा गणपतीच्या सीझनला मंडपवाल्याच्या हाताखाली राबा, लई शिकाल. एआयनं काढलेली छावणी तर कुणाला दाखवूच नका, त्यात घोडे मोकळेच उभे असतात. घोडा आगाडी-पिछाडीनं, म्हणजे पुढनं-मागनं दोरांनी, बांधलेला पाहिजे, आणि चुलींचा धूर त्याच्या अंगावर जाणार नाही अशा बाजूला.

बाकी घाबरण्यासारखं काय नाही. नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवा, काजळी-माती फासा, राहुटीचा खालचा हातभर भाग जास्त मळवा. भटारखान्याच्या टोपलीत टोमॅटो-बटाटा दिसला तर मात्र कोल्हापूरकर थेटरातच हुर्यो उडवतील. हात बसतो हळूहळू, माझा पण बसला.

फक्त पैशाचं आधी बोला आणि भत्ता रोजच्या रोज घ्या. ‘शेवटी एकदम देतो’ म्हणणाऱ्याकडनं माझे एका पिक्चरचे अजून यायचेत.