सांडपाण्यावर फुलणारी जपानी बाग : उन्हाळ्याआधीची तयारी

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात, व्हॅन नाइसला, मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला लागूनच साडेसहा एकरांची जपानी बाग आहे. तिचं नाव सुइहो-एन. शुद्ध केलेलं सांडपाणी किती कामाचं असतं हे लोकांना प्रत्यक्ष दिसावं, ही कल्पना शहराचे अभियंता डोनाल्ड टिलमन यांची. आराखडा केला कोइची कवाना यांनी, आणि १९८४ साली बाग लोकांसाठी खुली झाली. तळी, पूल, दगडी दिवे, चहाघर आणि रेवेची कोरडी बाग हे सगळं तिथे आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जे फिरले आहेत त्यांना एकूण मांडणी ओळखीची वाटेल. पाण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि अशा बागेची देखभाल अंगावर घेणाऱ्याने तयारी तिथूनच सुरू करावी.

तेव्हा छाटणीची कात्री काढण्याआधी, फेब्रुवारीतच, केंद्राकडून पाण्याच्या तपासणीचा ताजा अहवाल मागून घ्या. पाणी जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित आहे का, हे केंद्र पाहतंच. कॅलिफोर्नियाचे त्याबाबतचे नियम कडक आहेत. आपण पाहायचे ते क्षार. घराघरांतून वापरून आलेल्या पाण्यात मीठ, साबण, डिटर्जंट यांचे क्षार विरघळलेले असतात आणि नेहमीच्या शुद्धीकरणात ते निघत नाहीत. अहवालात विद्युत वाहकता शोधा. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे मीटरला ०.७ डेसिसीमेन्सपर्यंत काळजी नाही, ०.७ ते ३ मध्ये जपून वापरायचं, त्यापुढे अवघड. मग क्लोराइड, सोडियम, बोरॉन आणि बायकार्बोनेट पाहा. हे आकडे पंपघराच्या भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

क्षारांचा एवढा आग्रह अशासाठी की जपानी बागेतली लाडकी झाडंच त्यांना सर्वांत कमी सोसतात. जपानी मेपल, अझेलिया, कॅमेलिया ही सगळी आम्लधर्मी, भुसभुशीत मातीची आणि गोड्या पाण्याची. जमिनीवरच्या शेवाळाची (मॉसची) हिरवी गादी तर इथल्या कोरड्या हवेत आधीच कष्टाने टिकते. काळा पाइन हा त्या मानाने दणकट, कारण जपानच्या समुद्रकिनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात वाढणारं हे झाड. म्हणून नव्या लावणीची यादी करताना पाइनला झुकतं माप द्या. मेपल थोडेच ठेवा आणि ते उंचवट्यावर, चांगल्या निचऱ्याच्या जागी लावा.

आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचं पटकन समजेल. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि निचरा नसेल तर दरवर्षी साठत जातात. महाराष्ट्रात जिथे निचरा चांगला असतो तिथे पावसाळा बरेचसे क्षार धुऊन नेतो. लॉस एंजेलिसला पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही वर्षाला सरासरी चौदा-पंधरा इंच, आणि एखादं वर्ष जवळजवळ कोरडंच जातं. म्हणजे धुण्याचं काम माणसाने ठरवून करायचं. मार्च संपायच्या आत वेगवेगळ्या वाफ्यांतून एक फूट खोलीपर्यंतच्या मातीचे नमुने काढून क्षार आणि सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे) तपासून घ्या. शेजारीच एक फूटभर खड्डा खणून पाणी भरा आणि ते किती वेळात जिरतं ते बघा. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर आधी निचऱ्याची नळी टाका, कारण निचरा नसताना जादा पाणी देणं म्हणजे मुळं कुजवणं. निचरा ठीक असेल तर हिशेब सोपा आहे : पाण्याची वाहकता १ आणि झाडाला मुळांशी सोसणारी मर्यादा २ धरली, तर मर्यादेच्या पाचपटीतून, म्हणजे १० मधून, १ वजा करून उरलेल्या ९ ने १ ला भागायचं. म्हणजे दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ११ टक्के पाणी मुळांखालून निघून गेलं पाहिजे. रोज शिंपडा मारण्यापेक्षा दोन पाळ्यांत अंतर ठेवून एकदाच खोलवर पाणी द्यावं, असं माझं ठाम मत आहे. रोजच्या शिंपड्याने क्षार नेमके मुळांच्या थरात येऊन बसतात. मातीत सोडियम जास्त निघाला तर तो सुटून धुतला जावा म्हणून जिप्समची पोती आधीच मागवा.

पाण्याच्या नळ्यांची फेरी एप्रिलमध्ये काढा. पुनर्वापराच्या पाण्याची जांभळी नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी कुठेही जोडलेली नको. ‘हे पाणी पिऊ नका’ या पाट्या उन्हाने फिकट झाल्या असतील तर बदला. तुषारांचा मारा पिण्याच्या पाण्याच्या नळावर किंवा लोक खायला बसतात त्या बाकांवर जाता कामा नये, आणि पाणी रात्री, बाग बंद असताना द्यायचं. मेपल आणि अझेलियाच्या पानांवर तुषार पडूच देऊ नका, त्यांना ठिबक हवं, कारण ओल्या पानांतून सोडियम आणि क्लोराइड थेट आत शिरतात. ठिबकच्या गाळण्या उघडून धुवा.

पान वाचायला मदतनीसांना आधीच शिकवा. जुन्या पानांच्या कडा आणि टोकं आधी करपली तर संशय क्षारांचा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह मिळत नाहीये. पाण्यातल्या बायकार्बोनेटने मातीचा सामू चढला की अझेलियाला हे हमखास होतं. तिथे गंधक आणि पाइनच्या सुयांचं आच्छादन उपयोगी पडतं.

आता खत. बहुतेक ठिकाणी इथेच हात सैल सुटतो. या पाण्यातून नत्र येतच असतं : लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल तर दर १० लाख लिटरमागे १० किलो नत्र जमिनीत पडतं. तेवढं खताच्या हिशेबातून आधी वजा करा. नाहीतर पाइनचे वसंतातले कोंब लांबलचक सुटतात, सुया मोठ्या होतात आणि वर्षानुवर्षं घडवलेला आकार एका हंगामात बिघडतो. हे कोंब कोवळे असतानाच बोटांनी खुडायचे असतात, म्हणून त्या आठवड्यांसाठी जाणते हात आधीच ठरवून ठेवा. शरद ऋतूत जुन्या सुया उपटण्याचं काम पुन्हा येईल.

तळ्यांसाठी मात्र वेळ राखून ठेवा. हेच नत्र आणि सोबतचा फॉस्फरस तळ्यात शेवाळाला मिळतो आणि मे-जूनच्या उन्हात पाणी बघता बघता हिरवं होतं. तांब्याची औषधं ओतायचा मोह टाळा. शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासे गुदमरतात. त्याऐवजी पंप आणि हवा सोडणारी यंत्रं आधी दुरुस्त करून घ्या, पाणी कुठे साचून राहतं ते कोपरे शोधा, कमळं आणि काठच्या वनस्पती वाढू द्या आणि वेळच्या वेळी कापून तळ्याबाहेर न्या. कापलेला पाला काठावरच टाकला तर त्यातलं नत्र-फॉस्फरस पुन्हा पाण्यातच उतरतं. पडलेली पानं जाळीने रोज काढा. तळ्यात येणाऱ्या पाण्यात क्लोरीन उरलाय का, हे तपासायचा संच जवळ हवाच. माशांना आणि बेडकांना अगदी थोडा क्लोरीनही मारक ठरतो. बगळे आणि बदकं अशा पाण्यावर हक्काने येतात. त्यांची घरटी कुठे आहेत ते पाहूनच काठाची छाटणी ठरवा.

रेवेच्या बागेला पाणी लागत नाही. लाकडी दंताळ्याचे दात तपासा, तण मुळासकट काढा, आणि शेजारच्या तुषारांचं पाणी रेवेवर उडत असेल तर त्यांची दिशा बदला, कारण ते सुकलं की दगडांवर पांढरे डाग उरतात.

माणसांची तयारीही हवी. हातमोजे, हात धुवायला पिण्याच्या दर्जाचं पाणी आणि साबण, धनुर्वाताची लस. पाहुण्यांना पाण्याबद्दल विचारायचं असतं आणि ‘हे गटाराचं पाणी ना?’ हा प्रश्न येणारच. उत्तर देणाऱ्याला गाळण, जंतूंकडून होणारी स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण हे टप्पे नीट सांगता आले पाहिजेत. ही बाग त्यासाठीच बांधली आहे, म्हणून सांगताना संकोच नको.

शेवटी एक कागद पंपघराच्या दाराशी लावा : केंद्रातल्या पाळीवरच्या अधिकाऱ्याचा क्रमांक, मुख्य झडप कुठे आहे त्याचा नकाशा, आणि पुरवठा दुरुस्तीसाठी थांबला तर कोणत्या वाफ्यांना आधी पाणी पोचवायचं त्यांचा क्रम. त्यात पहिलं नाव कुंडीतल्या आणि नव्या लावलेल्या झाडांचं, मग अझेलिया, मग मेपल. पाइन सगळ्यांत शेवटी.